४३१४०१ : पिनकोड, एक पीएचडी प्रबंध आणि आपला पहिला एपीआय

"ताई, वेब एपीआय बनवायला किती दिवस लागतात?" पेटची तयारी करणाऱ्या एका मुलाने मागच्या महिन्यात विचारलं. मी म्हणाले, "एक दुपार." तो खूश झाला. पण मी त्याला अर्धंच उत्तर दिलं होतं. उरलेलं अर्धं इथे लिहिते, कारण संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाला ते कधी ना कधी लागणार आहे.

मी संगणकशास्त्राची नाही. एमएस्सी रसायनशास्त्रात केली, पीएचडी विहिरींच्या पाण्यावर चालू आहे. गावोगावचे नमुने, प्रत्येक बाटलीवर गावाचं नाव आणि पिनकोड. पहिल्या वर्षी माझ्या बऱ्याच नोंदींत जिल्ह्याचा रकाना रिकामा राहिला होता. मी शहाणपणा केला. एक छोटा एपीआय लिहिला : पिन द्या, जिल्हा घ्या. आत नियम साधा होता. पिन ४३१४ किंवा ४३१५ ने सुरू झाला की जिल्हा परभणी.

प्रोग्रॅम एका दुपारी झाला, एकही एरर नाही. गाईडनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, "वसमत परभणीत कधी आलं?" मग मी नीट पाहिलं. वसमतच नाही, हिंगोली परभणीत होती, बीड जिल्ह्यातलं परळीही परभणीत होतं. आणि परभणी जिल्ह्यातलंच पालम मात्र बाहेर! कोड अगदी बरोबर चालत होता. उत्तरं चुकीची होती.

ते नमुने तसेच पुढे गेले असते तर जिल्ह्याची सरासरी चुकली असती, नकाशा चुकला असता आणि प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण चुकलं असतं. तेव्हापासून मला हा प्रश्न पडला की एपीआय इतका पटकन बनतो कसा, आणि पटकन बनूनही चुकतो कुठे. याचं उत्तर इतिहासात सापडलं. चला, क्रमाने बघू.

आधी एक व्याख्या, साध्या भाषेत

एपीआय म्हणजे ॲप्लिकेशन प्रोग्रॅमिंग इंटरफेस. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला काय विचारायचं, कसं विचारायचं आणि उत्तर कोणत्या रूपात मिळेल याबद्दलची ठरलेली बोली. वेब एपीआय म्हणजे हीच बोली वेबच्या रस्त्याने. तुम्ही ब्राउझरमध्ये पत्ता टाकता तेव्हा माणसाला वाचायला पान येतं. वेब एपीआयच्या पत्त्यावर गेलात की प्रोग्रॅमला वाचता येईल असा मजकूर येतो. एवढाच फरक.

"ठरलेली बोली" हे शब्द लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास ही बोली ठरवण्याचा आहे.

कपाटातल्या कागदी फिती

केंब्रिज विद्यापीठात ६ मे १९४९ रोजी एडसॅक नावाच्या संगणकाने पहिला प्रोग्रॅम चालवला. लोकांच्या लवकरच लक्षात आलं की प्रत्येक जण तेच तेच लिहितोय : वर्गमूळ काढा, साइन-कोसाइन काढा, आकडे छापा. मग मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी असे तुकडे एकदाच नीट लिहून कागदी फितींवर छिद्रं पाडून कपाटात लावले. लागेल ती फीत काढायची आणि आपल्या प्रोग्रॅमला जोडायची. १९५१ मध्ये या तिघांनी यावर पुस्तक लिहिलं. त्यात प्रत्येक तुकड्याबद्दल माहिती होती : हा काय करतो, याला काय द्यायचं, हा काय परत देतो.

व्हीलर तेव्हा तुमच्याआमच्यासारखाच पीएचडीचा विद्यार्थी होता. १९५२ च्या एका लेखात त्याने मोठी गंमतीची गोष्ट नोंदवली. तुकडा लिहून, तपासून झाला तरी एक काम उरतं. ज्याने आतला कोड पाहिलेला नाही त्याला तो वापरता येईल असं वर्णन लिहायचं. आणि हेच काम कदाचित सगळ्यात अवघड असतं, असं त्याचं म्हणणं होतं.

सत्तरहून अधिक वर्षं झाली, हे अजून तसंच आहे. माझ्या पिनच्या एपीआयचं दोन ओळींचं वर्णन मी लिहायला बसले असते, तरी "पहिल्या चार आकड्यांवरून जिल्हा ठरतो" हे वाक्य कागदावर उतरताच मला शंका आली असती. मी वर्णन लिहिलंच नाही.

नाव कुठून आलं?

"ॲप्लिकेशन प्रोग्रॅम इंटरफेस" हे शब्द छापील स्वरूपात भेटतात ते १९६८ मध्ये, आयरा कॉटन आणि फ्रँक ग्रेटोरेक्स यांच्या शोधनिबंधात. विषय होता दूरच्या संगणकाशी जोडलेल्या पडद्यावर चित्रं काढण्याचा. त्यांची अडचण व्यवहारातली होती. आज एक संगणक आहे, उद्या दुसरा येईल. आज एक पडदा आहे, उद्या वेगळा. दर वेळी सगळे प्रोग्रॅम नव्याने लिहायचे का? त्यापेक्षा मध्ये एक ठरलेली बोली ठेवू. प्रोग्रॅम त्या बोलीत बोलेल, खालचं यंत्र बदललं तरी त्याला कळणारसुद्धा नाही.

एपीआयचं दुसरं लक्षण इथे पुढे आलं. आत काहीही बदला, बाहेरची बोली मोडू नका. हे नेमकं कसं दिसतं याचं इतकं चांगलं उदाहरण आपल्या घरच्या पत्त्यात आहे की मी परदेश सोडून थोडा वेळ परभणीत येते.

१५ ऑगस्ट १९७२

या दिवशी भारतात पिनकोड सुरू झाला. त्यामागचे गृहस्थ मराठी होते : श्रीराम भिकाजी वेलणकर. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, केंद्रीय दळणवळण मंत्रालयात वरिष्ठ अधिकारी, आणि त्याबरोबर संस्कृतचे नावाजलेले कवी.

त्यांच्यासमोरचा प्रश्न बघा. एकाच नावाची गावं देशभर. पत्ते मराठीत, तमिळमध्ये, उर्दूत, बंगालीत. स्पेलिंग ज्याचं त्याचं. आपल्याकडचंच घ्या ना. मानवत, मानवथ, सेलू, शेलू. पत्र वाटणाऱ्याने किती लक्षात ठेवायचं? उत्तर निघालं ते सहा आकड्यांचं. भाषा कोणतीही असो, आकडे सगळ्यांना वाचता येतात. देशाचे आठ भौगोलिक विभाग आणि नववा लष्करी टपालाचा. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्यापर्यंत टपाल छाटणीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन आकडे नेमक्या डाकघराचे.

परभणीचा पिन ४३१४०१. यातला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा आणि मध्य प्रदेश-छत्तीसगडकडचा विभाग. ४३१ पर्यंत आलात की मराठवाड्यात पोचलात. छत्रपती संभाजीनगर ४३१००१, बीड ४३११२२, जालना ४३१२०३, नांदेड ४३१६०१. सगळे एकाच ४३१ खाली.

आता गंमत. त्याच १९७२ साली, १८ मे रोजी, परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. २०१३ मध्ये त्याचं नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ झालं. जुने शोधनिबंध काढून बघा, पत्त्यात नाव जुनं असेल, पण पिन तोच : ४३१४०२. परतूर तालुका १ मे १९८१ ला परभणीतून निघून नव्या जालना जिल्ह्यात गेला. पिन ४३१५०१. हिंगोली, वसमत १ मे १९९९ ला वेगळ्या जिल्ह्यात गेले. ४३१५१३ आणि ४३१५१२. औरंगाबादचं नाव २०२३ मध्ये बदललं, ४३१००१ तिथेच राहिला. जिल्हे तुटले, नावं बदलली, पत्राला काही फरक पडला नाही. कॉटन आणि ग्रेटोरेक्स यांना यंत्रांच्या बाबतीत जे हवं होतं ते हेच.

आणि माझी चूकही इथेच होती. पूर्णा ४३१५११, वसमत ४३१५१२. आकडे शेजारी शेजारी, जिल्हे दोन. गंगाखेड ४३१५१४, परळी ४३१५१५, सोनपेठ ४३१५१६. मधलं परळी बीडचं, दोन्हीकडची गावं परभणीची. आणि पालम? ४३१७२०, म्हणजे नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या (४३१७१४) मालिकेत. पिनमधला "जिल्हा" हा टपाल छाटणीचा जिल्हा आहे. तो महसुली जिल्हा आहे असं टपाल खात्याने कधीच म्हटलं नव्हतं. ते मी गृहीत धरलं. एपीआयने जे वचन दिलेलं नाही ते त्याच्याकडून वसूल करायला गेलं की असं होतं.

वेब येतं, पण माणसांसाठी

पुन्हा जगाकडे वळू. १९८९ च्या मार्चमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन केंद्रात वेबचा प्रस्ताव मांडला. संशोधकांची कागदपत्रं वेगवेगळ्या संगणकांवर विखुरलेली, ती एकमेकांना जोडायची होती. १९९१ मधला पहिला एचटीटीपी इतका साधा होता की त्यात विनंती एका ओळीची असायची : "गेट" हा शब्द आणि पुढे पत्ता. उत्तरात पान यायचं. बस्स.

पानं मात्र आधीच लिहून ठेवलेली असायची. विचारल्यावर ताजं उत्तर तयार करून द्यायचं तर सर्व्हरने दुसरा प्रोग्रॅम चालवायला हवा. त्याची एक ठरलेली पद्धत १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेच्या सर्व्हरमधून पुढे आली, तिचं नाव सीजीआय. आता पत्त्यावर विनंती आली की मागे प्रोग्रॅम चालायचा आणि तो जे छापेल ते विचारणाऱ्याला जायचं. आज तुम्ही लिहाल तो एपीआय मुळात हेच करतो.

२००० साली कंपन्यांनी हा रस्ता प्रोग्रॅमसाठी उघडला. फेब्रुवारीत सेल्सफोर्सने, नोव्हेंबरमध्ये ईबेने. पण प्रत्येकाची बोली वेगळी. कुणी विनंतीच्या पाकिटात पाकीट आणि त्यात आणखी पाकीट घालायचं. सोप नावाची एक पद्धत तेव्हा जोरात होती. ताकदवान, पण नवख्याला घाम फोडणारी.

एका प्रबंधाचं पाचवं प्रकरण

त्याच २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन केंद्रात रॉय फील्डिंग यांनी पीएचडीचा प्रबंध सादर केला. नेटवर्कवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची रचना हा विषय. त्याच्या पाचव्या प्रकरणात "रेस्ट" ही कल्पना मांडलेली आहे. आज जगात कुठेही नवशिका "रेस्ट एपीआय" असं टाइप करून शोधतो तेव्हा तो नकळत एका पीएचडी प्रबंधाच्या प्रकरणाचं नाव घेत असतो. आपले प्रबंध ग्रंथालयात धूळ खातात म्हणणाऱ्यांना हे आवर्जून सांगा!

फील्डिंग हवेत बोलत नव्हते. एचटीटीपीच्या मानकाचे ते एक लेखक होते. वेब वाढत होतं, रोज कुणीतरी नवी सुधारणा सुचवायचं. कुठली घ्यायची आणि कुठली टाळायची हे ठरवायला त्यांना एक मोजपट्टी हवी होती. वेब इतकं वाढूनही कोसळत का नाही, हा त्यांचा खरा प्रश्न. उत्तर त्यांनी बंधनांच्या रूपात दिलं. पिनकोड हाताशी आहेच, त्याच्याच आधारे समजून घेऊ. (वेलणकरांवरून फील्डिंग यांना सुचलं असं मला अजिबात म्हणायचं नाही. दोघांसमोर प्रश्न सारख्या जातीचा होता, एवढंच.)

पहिलं बंधन : विचारणारा आणि देणारा वेगळे. पत्र लिहिणाऱ्याला डाकघराच्या आतली टेबलं कशी मांडलीत हे माहीत असण्याची गरज नाही.

दुसरं : प्रत्येक विनंती स्वतःत पूर्ण हवी. छाटणी करणाऱ्याला तुमचं मागचं पत्र आठवावं लागत नाही. "नेहमीच्याच पत्त्यावर" असं लिहून पत्र टाकलंत तर ते पोचेल का? प्रत्येक पाकिटावर पूर्ण पत्ता. त्यामुळे कुठल्याही टेबलावरचा माणूस ते हाताळू शकतो, आणि टेबलं हवी तितकी वाढवता येतात.

तिसरं : उत्तर काही काळ जपून वापरता येईल का हे सांगा, म्हणजे तेच तेच पुन्हा विचारावं लागणार नाही.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं : सगळीकडे एकच पद्धत. प्रत्येक वस्तूला स्वतःचा पत्ता, आणि त्या पत्त्यावर काय करता येईल याची क्रियापदं सगळ्यांसाठी सारखी.

पाचवं : मध्ये कितीही थर असू शकतात. पत्र किती छाटणी केंद्रांतून गेलं हे तुम्हाला कळत नाही, कळायची गरजही नाही. सहावं ऐच्छिक आहे : गरज पडल्यास सर्व्हर कोडही पाठवू शकतो. इथे पिनची उपमा संपते, ओढूनताणून लांबवू नका.

एक धोक्याची सूचना, खास संशोधन करणाऱ्यांसाठी. हा शब्द गाजला तसा तो पातळ झाला. २००८ मध्ये फील्डिंग यांनी स्वतः लिहून तक्रार केली की लोक ज्याला रेस्ट म्हणतायत ते बऱ्याचदा रेस्ट नाहीच. त्यांच्या मते उत्तरातच पुढच्या वाटा दिलेल्या हव्यात, जशा वेबपानावर लिंक असतात. आपण लिहितो ते बहुतेक एपीआय ही अट पाळत नाहीत. म्हणून सिनॉप्सिसमध्ये "रेस्ट" लिहिण्याआधी ते पाचवं प्रकरण एकदा मुळातून वाचा. चौथ्या हाताने आलेली व्याख्या व्हायव्हात अडचणीत आणते.

मग एक दुपार कशी पुरते?

कारण बाकीचे तुकडेही हळूहळू ठरत गेले. २००१ मध्ये डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसन पुढे आणलं : नाव आणि किंमत यांच्या जोड्या, माणसालाही वाचता येतील अशा. २००४ मध्ये फ्लिकर या फोटोंच्या साइटने एपीआय खुला केला. २००५ मध्ये पॉल रेडमाकर यांनी घरांच्या जाहिराती गुगलच्या नकाशावर मांडून दाखवल्या. तेव्हा नकाशाचा अधिकृत एपीआय आलेलाच नव्हता, त्यांनी आतून कसं चालतं ते स्वतः शोधून काढलं. त्याच वर्षी जूनमध्ये गुगलने नकाशाचा एपीआय जाहीर केला.

आणि फ्लास्कची कथा तर थट्टेची. १ एप्रिल २०१० ला आर्मिन रोनाकर यांनी एका फाइलमध्ये बसणारी पायथॉनची "चौकट" एप्रिल फूल म्हणून सोडली. लोकांनी ती मनावर घेतली. एवढ्या साध्या गोष्टीची लोकांना गरज आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्याच महिन्यात फ्लास्क आलं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये सेबास्टियन रामिरेझ यांचं फास्टएपीआय आलं, जे तुमच्या कोडवरूनच वर्णनाचं पान तयार करून देतं. व्हीलरच्या अवघड कामाचा निदान सांगाडा तरी आयता मिळाला.

म्हणजे तुमच्या पंधरा ओळींच्या मागे कागदी फिती, सर्न, एक प्रबंध आणि एक एप्रिल फूल असे सगळे उभे आहेत. तुम्हाला वेळ लागत नाही, कारण तो आधीच कुणीतरी दिलाय.

आता तुमची दुपार

करून बघायला हाच विषय घ्या. भारत सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर देशभराची पिनकोड यादी मिळते. २०१२ च्या खुल्या माहितीच्या धोरणातून हे संकेतस्थळ उभं राहिलं. यादीतून फक्त परभणी जिल्ह्याच्या ओळी वेगळ्या करा आणि एका सीएसव्ही फाइलमध्ये ठेवा. पायथॉन आणि फ्लास्क टाका. मग प्रोग्रॅममध्ये तीनच कामं : सुरुवातीला फाइल वाचून पिननुसार कोश बनवायचा, "/पिन/४३१४०१" अशा पत्त्यावर विनंती आली की कोणतं फंक्शन चालवायचं ते सांगायचं, आणि त्या फंक्शनने कोशात शोधून उत्तर जेसनमध्ये परत द्यायचं. चालवा, ब्राउझरमध्ये पत्ता टाका, झालं. (प्रत्यक्षात पत्ता इंग्रजी अक्षरांत लिहाल, अडचणी कमी येतात.)

एवढ्यासाठी तासभर पुरे. उरलेली दुपार खालच्या चार प्रश्नांना द्या. कोड लिहिण्याच्या आधी, वहीवर.

एक : पिन ही संख्या आहे की नाव? त्याची कुणी बेरीज करत नाही, सरासरी काढत नाही. म्हणजे ते नाव आहे, मजकूर म्हणून ठेवा. अमेरिकेतले काही झिपकोड शून्याने सुरू होतात. संख्या मानलं की शून्य गळतं. आपल्याकडे पिन शून्याने सुरू होत नाही, पण दुसरी भानगड आहे. कुणी देवनागरी आकड्यांत पिन टाइप केला तर मजकूर म्हणून तो इंग्रजी आकड्यांच्या पिनशी जुळत नाही. मात्र पायथॉनला तो पूर्णांकात बदलायला सांगितलं तर तो देवनागरी आकडेही ओळखतो. म्हणून येणारा पिन आधी पूर्णांकात नेऊन परत मजकुरात आणा. एका ओळीचं काम, आणि मराठीत भरलेले फॉर्म वाया जात नाहीत.

दोन : उत्तर एक की अनेक? देशात पिन साधारण एकोणीस हजार आणि डाकघरं दीड लाखाहून जास्त. म्हणजे एका पिनखाली अनेक डाकघरं येणारच. म्हणून उत्तर नेहमी यादीच द्या, आत एकच डाकघर असलं तरी. आज एकच दिलंत आणि पुढच्या वर्षी यादी दिलीत, तर मधल्या काळात ज्याने ज्याने तुमचा एपीआय वापरला त्या सगळ्यांचे प्रोग्रॅम मोडतील.

तीन : सापडलं नाही तर काय म्हणायचं? एचटीटीपीने यासाठी आकडे ठरवून दिलेत. २०० म्हणजे ठीक, ४०० म्हणजे तुमची विनंतीच चुकीची, ४०४ म्हणजे इथे तसं काही नाही, ५०० म्हणजे चूक आमची. पाच आकडी पिन आला तर ४००, सहा आकडी पण यादीत नसलेला आला तर ४०४. नवशिके बहुतेक वेळा २०० देऊन आत "सापडलं नाही" असं वाक्य लिहितात. माणसाला ते कळतं. प्रोग्रॅमला वाटतं सगळं ठीक आहे, आणि तो ते वाक्यच गावाचं नाव म्हणून तक्त्यात भरतो.

चार : उत्तर कशावरून दिलंय? जिल्हा यादीतून घेतला की अंदाजाने काढला, आणि यादी कोणत्या तारखेची, हे उत्तरातच सांगा. १९९८ चा नमुना असेल तर हिंगोली परभणीतच हवी. २००० चा असेल तर नको. तारखेशिवाय "जिल्हा" या शब्दाला अर्थ नाही. मी नियम लावून मोकळी झाले होते. शेवटी प्रत्येक नोंद डाकघराच्या नावाशी आणि तालुक्याशी हाताने ताडून पाहिली. त्यात आठवडा गेला.

शेवटची गोष्ट : वचन

२०२० च्या मार्चमध्ये काही स्वयंसेवकांनी कोविड१९इंडिया डॉट ऑर्ग हे संकेतस्थळ सुरू केलं. जिल्हावार आकडे आणि त्यांचा खुला एपीआय. पत्रकार, संशोधक, विद्यार्थी सगळे त्यावर विसंबले. ३१ ऑक्टोबर २०२१ ला त्यांनी काम थांबवलं, तेही आधी नीट जाहीर करून. त्यांनी आपलं वचन चोख पाळलं. पण विचार करा, तुमचं विश्लेषण रोज अशा एखाद्या एपीआयवरून आकडे ओढत असेल आणि तो एके दिवशी न सांगता थांबला तर? म्हणून दुसऱ्याच्या एपीआयमधून घेतलेली माहिती तारखेसह स्वतःकडे साठवा. तपासनीस दोन वर्षांनी विचारतील तेव्हा तो पत्ता जिवंत असेलच असं नाही.

आणि स्वतः एपीआय दिलात तर वेलणकरांचे सहा आकडे आठवा. पन्नास वर्षांत जिल्ह्यांच्या सीमा हलल्या, विद्यापीठाचं नाव बदललं, पण ४३१४०२ लिहिलेलं पाकीट आजही परभणीतच येतं. ते टिकलं, कारण सहा आकड्यांनी डाकघर दाखवण्यापलीकडे कसलंच वचन दिलं नव्हतं.

त्या मुलाला मी नंतर फोन करून उरलेलं उत्तर दिलं. कोडला एक दुपार. त्याआधी एक दिवस वही घेऊन बस, आणि आपला एपीआय काय सांगणार नाही हे आधी लिही. त्याने विचारलं, "हे पेटला येतं का?" नाही येत. पण गाईड एक दिवस वसमतबद्दल विचारतात, तेव्हा येतं.